'नॉशस' नक्की कोण?

प्रिय उज्ज्वला,
सप्रेम नमस्कार.

इंग्लंडमधल्या हॉस्पिटलच्या वॉर्डात रुजू होण्याआधी 'नॉशस' (nauseous) या इंग्रजी शब्दाचा सोक्षमोक्ष लावायचाय असं तू लिहिलंस, म्हणून सविस्तर लिहिते.

आधी वाद काय तो बघ. जुन्या शिस्तीचे लोक सांगतात की जिच्यामुळे मळमळतं ती वस्तू 'नॉशस' आणि ज्याला मळमळतं तो माणूस 'नॉशिएटेड'. मग 'आय ॲम नॉशस' म्हणणारा स्वतःलाच किळसवाणा ठरवतो! दाखला देतात तो विषारी अळंबीचा: अळंबी 'पॉयझनस', खाणारा 'पॉयझन्ड'. ऐकताना पटतं, पण हा नियम इंग्रजीला सरसकट लागू पडत नाही. त्याच प्रत्ययाचा 'डेंजरस' रस्त्याला लागतो, आणि 'नर्व्हस', 'अँक्शस' माणसाला. मेरियम-वेब्स्टर या अमेरिकन इंग्रजी कोशाने तर स्वच्छ लिहिलंय की 'मळमळत असलेला' हाच आज या शब्दाचा सर्वांत रूढ अर्थ आहे आणि त्याला चूक म्हणणारेच चुकतात. मला कोशाचं म्हणणं पूर्ण पटतं.

म्हणून बोलताना 'आय फील नॉशस' खुशाल म्हण. अमेरिकेत उच्चार 'नॉशस' असा दोन उच्चारखंडांचा. ब्रिटनमध्ये 'नॉझिअस' किंवा 'नॉसिअस' ऐकू येईल. वासाबद्दल, दृश्याबद्दल बोलायचं तर 'नॉशिएटिंग' वापर. तिथे 'नॉशस' चूक नाही, पण ऐकणारा अडखळतो. आणि केसपेपरवर विशेषणाच्या वाटेलाच जाऊ नकोस. 'कम्प्लेन्स ऑफ नॉशिया' (मळमळीची तक्रार) असं नाम लिहिलं की प्रश्नच मिटतो.

आपली माणसं इथे का घसरतात, तेही सांगते. मराठीत 'मला मळमळतंय', 'मला किळस येते'. मळमळ आणि किळस आपल्याकडे येतात, आपण फक्त 'मला' म्हणून बाजूला उभे. इंग्रजीत त्या 'मला'चा 'आय' करावा लागतो आणि त्याला विशेषण चिकटवावं लागतं. मग घाईत 'आय ॲम डिस्गस्टिंग' निघून जातं, म्हणजे 'मी किळसवाणी आहे'. खूण एवढीच धर: जिच्यामुळे होतं तिला 'इंग', ज्याला होतं त्याला 'एड'. 'द फूड इज डिस्गस्टिंग, आय ॲम डिस्गस्टेड.'

पण खरी गंमत वॉर्डात आहे, कारण ब्रिटिश पेशंट 'नॉशस' क्वचितच म्हणेल. तो म्हणेल 'आय फील सिक'. अमेरिकेत याचा अर्थ बहुधा 'बरं वाटत नाही' एवढाच, इंग्लंडमध्ये मात्र 'मळमळतंय'. 'आय हॅव बिन सिक' म्हणजे उलटी होऊन गेली. आणि 'आय ॲम गोइंग टु बी सिक' ऐकलंस की काही विचारत बसू नकोस, आधी 'सिक बाऊल' पुढे कर. कागदाच्या लगद्याचं, वापरून टाकून द्यायचं भांडं असतं ते. उत्तरेकडची एखादी आजी 'आय हॅव ब्रॉट मी टी अप' (इथे 'मी' म्हणजे 'माय') म्हणाली तर चहा पडला असं लिहू नकोस. तिकडे संध्याकाळच्या जेवणाला 'टी' म्हणतात, म्हणजे जेवण उलटून पडलंय. कोरडे उमासे नुसतेच येत असतील तर ते 'रेचिंग', त्याला 'व्हॉमिटिंग' लिहायचं नाही. पोटातून काही बाहेर पडलं का, हेच तर डॉक्टरांना हवं असतं. थोडंसं ढवळल्यासारखं होत असेल तर 'क्वीझी'. म्हणून प्रश्नही दोन वेगळे विचार: 'आर यू फीलिंग सिक?' आणि 'हॅव यू बिन सिक?' दुसऱ्याला 'येस' आलं की किती वेळा, केव्हा, रंग कसा, रक्त होतं का, ते विचारून लगेच टिपून ठेव.

आपल्याकडचं 'व्हॉमिटिंग सेन्सेशन' इथेच ठेवून जा. तिकडे अर्थ कळेल, पण कुणी तसं म्हणत नाही. 'फीलिंग सिक' पुरे. 'ही डिड व्हॉमिटिंग' हेही नको. 'ही व्हॉमिटेड' किंवा 'ही वॉज सिक'.

गाडी लागणं म्हणजे 'कारसिक', बोट लागणं 'सीसिक', आणि एकूण प्रवासच लागत असेल तर 'ट्रॅव्हल सिक'. मुळात 'नॉशिया' हा शब्दच बोट लागण्याचा आहे. ग्रीकमध्ये 'नाउस' म्हणजे जहाज, आपल्या 'नौके'चं ते सख्खं भावंड. मला हे नातं फार आवडतं.

दोन शब्द नीट वेगळे ठेव. 'नॉक्शस' म्हणजे अपायकारक, जसे 'नॉक्शस फ्यूम्स'. तिथे मळमळीचा संबंध असेलच असं नाही. आणि 'सिक ऑफ' म्हणजे कंटाळा, वीट. 'आय ॲम सिक ऑफ दिस फूड' म्हणणाऱ्या पेशंटला उलटीचं औषध नको, वेगळं जेवण हवंय.

तुझी,
मेधा