परळच्या अभ्यासिकेतल्या ताईला

प्रिय ताई,

तुझं नाव इथे लिहीत नाही, तुला ते आवडणार नाही. पण आभार मात्र चारचौघांतच मानायचे आहेत.

मी बीएला अर्थशास्त्र घेतलेली मुलगी. अर्थतज्ज्ञ लिओन्टिफचं इनपुट-आउटपुट मॉडेल, म्हणजे एका उद्योगाला दुसऱ्याचा किती माल लागतो याचा हिशोब, परीक्षेपुरतं येत होतं. सूत्र पाठ, मॅट्रिक्सचा (आकड्यांच्या चौकटीचा) इन्व्हर्स, म्हणजे व्यस्त, काढायचा, उत्तर लिहायचं. पुढे एमएला उपयोगी पडेल म्हणून लिनियर अल्जेब्राचं (मॅट्रिक्सच्या गणिताचं) जाड पुस्तक उघडलं, तर त्यात नुसत्या व्याख्या आणि प्रमेयं. आत एमपीएससीवाले बसलेले, चकार शब्द काढायची सोय नाही, म्हणून तू मला जिन्यात घेऊन गेलीस.

झेरॉक्सच्या कोऱ्या पाठीवर तू दोनच उद्योग मांडलेस. एक रुपयाच्या विजेला 20 पैशांची वीज आणि 30 पैशांचं पोलाद लागतं. एक रुपयाच्या पोलादाला 40 पैशांची वीज आणि 10 पैशांचं पोलाद. लोकांना हवी 100 रुपयांची वीज. ‘इन्व्हर्स विसर, या चार आकड्यांच्या मॅट्रिक्सने गुणत राहा,’ म्हणालीस. आधी 20 ची वीज, 30 चं पोलाद. ते बनवायला 16 आणि 9. मग 6.8 आणि 5.7. बेरजा 50, 25, 12.5, दर फेरीला निम्म्या! मूळची 100 ची वीज धरून सगळ्या फेऱ्या मिळून वीज 150, पोलाद 50. इन्व्हर्सनेही तेच आलं. मग त्या मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू, म्हणजे गुणत राहिलं की आकडे कितीपट होत जातात ते ठरवणाऱ्या संख्या, काढायला लावल्यास: 0.5 आणि उणे 0.2. दर फेरीला निम्मं करणारा तोच 0.5 पाहिला आणि अंगावर काटा आला.

‘पण उदाहरण म्हणजे सिद्धता नव्हे,’ हे तुझं ठरलेलं. उद्योग दोनशे असले तरी सर्वांत मोठी आयगेनव्हॅल्यू 1 च्या आत असेल तरच ही बेरीज आटोक्यात राहते, हे तू माझ्याकडूनच सिद्ध करून घेतलंस. त्यामागचं गणितज्ञ पेरॉनचं प्रमेय 1907 चं, गणितज्ञ फ्रोबेनियसने ते 1912 मध्ये पुढे नेलं. लिओन्टिफला नोबेल मिळालं 1973 मध्ये. अर्थशास्त्राच्या मुलांना हे पहिल्याच वर्षी दाखवायला हवं, असं मला फार वाटतं.

रिग्रेशन (आकड्यांना सर्वांत जवळची रेषा बसवणं) म्हणजे ऑर्थोगोनल प्रोजेक्शन, लंब टाकून पडलेली सावली, हे तर तू जिना उतरता उतरता सांगितलंस. इकॉनॉमेट्रिक्सचा (आर्थिक आकडेवारीच्या विश्लेषणाचा) अख्खा पेपर त्यावर सोपा गेला.

तुझी स्वतःची सेटची (प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेची) तयारी चालू होती, तरी कधी ‘नंतर बघू’ म्हणाली नाहीस. ताई, मनापासून आभार. आता त्या पुस्तकात जॉर्डन फॉर्मपाशी (मॅट्रिक्स सोप्या रूपात मांडण्यापाशी) आले आहे. तुझी परीक्षा झाली की चहा माझ्याकडून, आणि वही घेऊनच येणार आहे.

तुझी,
अर्थशास्त्रवाली