ताई, पद नसतानाच्या तुमच्या कामासाठी

प्रिय ताई,

सप्रेम नमस्कार.

तुमचं नाव मी इथे लिहीत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि आपल्या भागातल्या लोकांना नाव सांगायची गरजही नाही. पण पत्र उघड लिहिते आहे, कारण जे लिहायचंय ते चारचौघांत म्हटलं जावं असं मला फार वाटतंय.

निवडणूक झाली, निकाल लागला, रस्त्यावरचा गुलालही धुतला गेला. 15 जानेवारी 2026 ला राज्यातल्या 29 महापालिकांसाठी मतदान झालं आणि आपल्या प्रभागाला पुन्हा एकदा चार नगरसेवक मिळाले. त्यांत तुम्ही नाही. आरक्षण बदललं, तुमची जागा गेली, उरलेल्या जागेवर पक्षानं दुसऱ्याला उभं केलं. त्याबद्दल तुम्ही कुणाकडे एक शब्द काढला नाहीत, म्हणून मीही काढत नाही. मला बोलायचंय ते त्याआधीच्या काळाबद्दल.

मार्च 2022 मध्ये नगरसेविका म्हणून तुमची मुदत संपली. 74व्या घटनादुरुस्तीनं पालिकेची मुदत पाच वर्षांची ठरवून दिली आहे आणि ती संपायच्या आत पुढची निवडणूक व्हायला हवी, असंही तिथेच लिहिलंय. पण ओबीसी आरक्षणाचा प्रश्न, प्रभागरचनेतले बदल, कोर्टातल्या तारखा यांत जवळजवळ चार वर्षं गेली. राज्यातल्या काही शहरांत तर 2020 पासूनच लोकांचा प्रतिनिधी नव्हता. सगळा कारभार प्रशासकांकडे. पेपरमध्ये ही बातमी वाचताना ती मुंबई-दिल्लीची बातमी वाटते. गल्लीत तिचा अर्थ एवढाच होता की गटार तुंबलं तर कुणाच्या दारात जायचं ते कळेनासं झालं.

आपल्या प्रभागात तेव्हा चार माजी नगरसेवक होते. त्यांतल्या एकांचं कार्यालय मुदत संपल्यावर महिन्याभरातच बंद झालं, तिथे आता मोबाइलचं दुकान आहे. एक जण शहराच्या दुसऱ्या टोकाला नव्या सोसायटीत राहायला गेले. तिसरे मात्र दिसत राहिले. वाढदिवसाला, दहीहंडीला, गणपतीला, नवरात्रात, फ्लेक्सवर हात जोडून. चौकातल्या त्या फ्लेक्समुळे सिग्नल दिसत नसे. आमच्या गल्लीतल्या बायका पाण्यासाठी त्यांच्याकडे गेल्या तेव्हा ते म्हणाले, "आता माझ्याकडे पद नाही. प्रशासक आहेत, त्यांना विचारा." कायद्यानं ते बरोबरच बोलत होते. त्यांच्याकडे निधी नव्हता, सभागृह नव्हतं, प्रश्न विचारायचा अधिकार नव्हता.

पण ताई, तुमच्याकडे तरी यांतलं काय होतं?

तुम्ही दारावरच्या पाटीवर नगरसेविका या शब्दाआधी स्वतःच "माजी" लिहून घेतलंत आणि सकाळी दार पूर्वीसारखंच उघडत राहिलात. शाळेच्या दाखल्यासाठी, संजय गांधी निराधार योजनेच्या अर्जासाठी, हयातीच्या दाखल्यासाठी लोक येत राहिले. ज्यांना अर्ज लिहिता येत नव्हता त्यांचा अर्ज तुम्ही लिहून दिलात आणि सही किंवा अंगठा घेण्याआधी तो त्यांना मोठ्यानं वाचूनही दाखवलात. हे मी शेजारच्या मावशींकडून ऐकलंय. माझं स्वतःचं ऋण पाण्याचं आहे.

2024 च्या पावसाळ्याच्या शेवटी आमच्या गल्लीत पाण्याला वास यायला लागला. आधी वाटलं, धरणाचं नवं पाणी असेल. मग गढूळपणा दिसायला लागला. ॲपवर तक्रार केली की दोन दिवसांत मेसेज यायचा, आपल्या तक्रारीचे निराकरण करण्यात आले आहे. नळाला तोच वास, आणि हातात तो मेसेज. कुणी साहेब येऊन म्हणाले, "तुमच्या टाक्या धुऊन घ्या." आमच्या गल्लीत निम्म्या घरांना टाकीच नाही, नळाखाली पिंप आहे, हे त्यांनी मान वर करून पाहिलंही नाही.

मग माझ्या मुलीचे डोळे पिवळे झाले. कावीळ. डॉक्टर म्हणाले, ही दूषित पाण्यातूनच येते. सासूबाई म्हणत होत्या, कावीळ उतरवायला घेऊन जाऊ. घरात रोज पातेली भरभरून पाणी उकळत होतं, सिलिंडर महिना संपायच्या आत संपत होता, आणि पोरगी भिंतीकडे तोंड करून पडून असायची. त्या दिवसांतला माझा राग अजून गेलेला नाही. मूल आजारी पडतं ते नशिबानं, असं म्हणून गप्प बसता येतं. पण नळ उघडल्यामुळे मूल आजारी पडतं तेव्हा गप्प कसं बसायचं?

तुम्हाला कुणी कळवलं मला माहीत नाही. पहाटे पाणी सुटायच्या वेळी तुम्ही आमच्या गल्लीत उभ्या होतात, हातात घरातल्या काचेच्या बाटल्या. पाणी आल्याबरोबर पहिली बाटली भरलीत, जरा वेळानं दुसरी. पहिली मातकट आणि वासाची, दुसरी बरीच स्वच्छ. मग तुम्ही बायकांना विचारलंत, "वास आधी कुणाकडे येतो? कुठल्या घरापासून पुढे?" आम्हाला ते ठाऊक होतं. मोरीच्या अलीकडच्या घरांना वास नाही, पलीकडच्या सगळ्यांना आहे. रोज पाणी भरणाऱ्या बाईला हे कळणारच ना? पण तोवर आम्हाला हा प्रश्न कुणी विचारलाच नव्हता.

मोरीपाशी पाण्याची जुनी लोखंडी पाइपलाइन ड्रेनेजच्या चेंबरला चिकटून जाते. आपल्याकडे पाणी दिवसातून थोडाच वेळ येतं. बाकीचा वेळ पाइप रिकामा, त्यात दाब नाही. पाइप गंजून जिथे भोक पडलेलं असतं तिथून बाहेरची घाण आत झिरपते, आणि पहाटे पाणी सोडलं की पहिला लोट सगळ्यांच्या पिंपात. म्हणूनच पहिली बाटली तशी होती. तुम्ही पाणी खात्यातल्या माणसाला बोलावून आमच्यासमोर ओटी टेस्ट करायला लावलीत. पाण्यात क्लोरीन असेल तर त्या औषधाच्या थेंबांनी पाणी पिवळं होतं. नळाशी लिटरमागे निदान 0.2 मिलिग्रॅम क्लोरीन शिल्लक राहायला हवा. मोरीच्या अलीकडे पाणी पिवळं झालं. आमच्या नळाचं झालं नाही. तो माणूस बाटलीकडे बघत राहिला. तुम्ही त्याला एक शब्दही टाकून बोलला नाहीत. "लिहून घ्या," एवढंच म्हणालात.

पुढे कुठल्या टेबलावर काय अडलं, कुणाची सही लागली, ते मी विचारलं नाही आणि इथे लिहीतही नाही. मला सांगायचंय ते तुमच्या एका फोनबद्दल.

त्या दिवशी खोदायचं काम सुरू व्हायचं होतं. सगळी गल्ली वाट बघत होती. गाडी आली नाही. अशा वेळी काय होतं ते आपल्याकडे प्रत्येकाला माहीत आहे. आपण फोन करायचा, पलीकडून उचलायचा नाही. उचललाच तर "बघतो", "सांगितलंय", "माणसं निघालीत". मी फोन करायचासुद्धा नाही असं ठरवून भांडी घासत होते. रात्री जेवणं उरकल्यावर तुमचाच फोन आला. तुम्ही म्हणालात, "काम आज झालं नाही. गटार साफ करायची जेटिंगची गाडी दुसरीकडे गेली, उद्याचंही मी नक्की सांगू शकत नाही. तुम्ही वाट बघत असाल म्हणून कळवलं. पाणी उकळूनच घ्या. मुलीनं आज काही खाल्लं का?"

मी म्हटलं, पेज घेतली थोडी. तुम्ही "बरं" म्हणालात आणि फोन ठेवलात.

ताई, मी ओट्याशी उभी राहून रडले. काम झालेलं नव्हतं, तरी रडले. काम झालं की फोन सगळेच करतात, फोटोही पाठवतात. काम झालं नाही हे सांगायला आजवर मला कुणी फोन केला नव्हता, ना कुठल्या कार्यालयातून, ना कुठल्या नेत्याकडून. त्यासाठी माणसाला आधी आपल्याकडे कमीपणा घ्यावा लागतो. माझ्याच्यानं आज झालं नाही, हे तोंडानं म्हणावं लागतं. तुमची तर ती जबाबदारीसुद्धा राहिलेली नव्हती. गाडी न येण्यात तुमचा काही दोष नव्हता. तरी आमच्या घरात कुणीतरी ताटकळत बसलंय हे तुमच्या लक्षात राहिलं, आणि दिवसभराच्या दगदगीनंतर झोपायच्या आधी तुम्ही तो फोन केलात. नंतर कळलं की गल्लीतल्या आणखी दोन घरी तुम्ही तसाच फोन केला होता, जिथे आजारी माणसं होती तिथेच.

त्या रात्री मला बऱ्याच दिवसांनी झोप लागली. खोटा धीर दिला असतात तर लागली नसती, हे मी अगदी खात्रीनं सांगते.

दुसऱ्या दिवशीही गाडी आली नाही. तुम्ही पुन्हा कळवलंत. मग आली. पाइप बदलला, चेंबरपासून लांबून नेला, आणि पहाटे पाणी सुटलं तेव्हा तुम्ही पुन्हा बाटल्या घेऊन हजर. या वेळी ओटीचं पाणी पिवळं झालं. मुलगी हळूहळू बरी झाली. आता ती सायकलवरून क्लासला जाते आणि माझ्याशी वाद घालते, देवाची कृपा.

पाइप बदलून आठवडा होत नाही तोच चौकात फ्लेक्स लागला. "पाठपुराव्याला यश!" वर त्याच तिसऱ्या माजींचा हात जोडलेला फोटो. आमच्या बायका संतापल्या, फ्लेक्स फाडायला निघाल्या होत्या. तुम्ही म्हणालात, "राहू द्या, पाणी आलं ना." तुमचं मन मोठं आहे. माझं तेवढं नाही, म्हणून हे मी इथे लिहून ठेवते आहे. ज्यांनी पद नाही म्हणून आम्हाला दारातून परत पाठवलं, त्यांना त्या फ्लेक्ससाठी पद लागलं नाही.

पुढच्याच जानेवारीत, 2025 मध्ये, पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएस या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण सापडायला लागले. चांगली चालती-बोलती माणसं हातापायांतली ताकद जाऊन व्हेंटिलेटरवर गेली, आणि सगळ्यांचं बोट पाण्याकडे गेलं. टीव्हीवर ते बघताना सासूबाईंनी हात जोडले. कुणाला, ते मी विचारलं नाही. मला तुमची ती पहिली बाटली आठवली.

साधा सज्जनपणा किती मोठं काम करतो, याचा विचार मी हल्ली फार करते. पोस्टमन, अंगणवाडीतल्या बाई, आमच्या भागात पाणी सोडणारे चावीवाले काका, सरकारी दवाखान्यातल्या त्या सिस्टर ज्या रांगेतल्या म्हातारीला आधी बसायला खुर्ची देतात. यांच्यावर शहर चाललंय. यांच्यातल्या कुणाचा फ्लेक्स लागत नाही, लागावा अशी त्यांची इच्छाही नसते. पण निदान आपण तरी त्यांची नावं घरात पोरांसमोर घ्यावीत. पोरांनी मोठं झाल्यावर मोठा माणूस म्हणून कुणाकडे बघायचं, ते तिथेच ठरतं. माझ्या मुलीला शाळेत आवडत्या व्यक्तीवर निबंध होता. तिनं तुमच्यावर लिहिला. शिक्षिकेनं विचारलं, या कोण? ती म्हणाली, "ज्या खरं सांगतात त्या."

नव्या चौघांना मी शुभेच्छा दिल्या आहेत, मनापासून दिल्या आहेत. त्यांतल्या दोघी पहिल्यांदाच निवडून आल्या आहेत. त्यांच्यातली एक मला बाजारात भेटली तेव्हा मी तुमच्या त्या फोनची गोष्ट तिला सांगितली. तिनं नीट ऐकून घेतलं. पुढे काय करते ते बघू.

आणि ताई, मोरीच्या कोपऱ्यावरच्या त्या चेंबरचं झाकण पुन्हा फुटलंय. तुम्ही धावत येऊ नका, या वेळी अर्ज मीच लिहिलाय, गल्लीतल्या सगळ्या बायकांच्या सह्या घेतल्या आहेत आणि पोच घेऊन ठेवली आहे. अजून काम झालेलं नाही. तुम्ही पेपर वाचताना आमच्या गल्लीची काळजी करत बसाल म्हणून कळवलं. तोवर वर फळी टाकून दगड ठेवलाय, मुलांना तिकडे जाऊ देत नाही.

तुमची,
मोरीपलीकडच्या घरातली एक आई