'लगेच बाहेर' या बटणाबद्दल आभार

सप्रेम नमस्कार,

मानसशास्त्रात एलजीबीटी विषयांवर काम करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठीचा गौरव यंदा तुम्हाला मिळाला. गौरवपत्रात तुमच्या शोधनिबंधांची यादी आहे, बटणाचा उल्लेख नाही. म्हणून हे उघड पत्र.

तुमच्या ऑनलाइन प्रश्नावलीत प्रत्येक पानावर वर 'लगेच बाहेर' हे बटण होतं. दाबलं की हवामानाचं साधं पान उघडायचं. शेजारीच ठसठशीत अक्षरांत लिहिलेलं: याने ब्राउझरची हिस्टरी पुसली जात नाही, ती वेगळी पुसा. कशी पुसायची तेही होतं. अर्धवट राहिलेली उत्तरं ठेवायची की पुसायची, हे तर पहिल्याच पानावर विचारून घेतलेलं. फोन घरात चार जणांच्या हातातून फिरतो, मागून कुणीतरी डोकावतं, याची जाण असणाऱ्यालाच हे सुचतं.

एरवी मध्येच पान बंद करणारा 'अपूर्ण' ठरतो आणि विश्लेषणातून वगळला जातो. म्हणजे ज्यांच्यावर घरात सर्वांत जास्त पहारा, तेच आकड्यांतून गायब. वर निष्कर्ष काय, तर ताण फारसा नाही! अठराच्या आतल्यांकडून पालकांची सही मागितली की हेच होतं. आपली ओळख घरी सांगून झालेलीच मुलं उरतात. तुम्ही संशोधनाला परवानगी देणाऱ्या नीतिसमितीशी भांडून त्या सहीतून सूट मिळवलीत आणि मुलांच्या बाजूने बघायला अभ्यासाबाहेरची व्यक्ती नेमलीत.

माणसं कुठून निवडली यावर किती अवलंबून असतं, ते अमेरिकी मानसशास्त्रज्ञ एव्हलिन हूकर यांनी १९५७ मध्येच दाखवलं होतं. समलैंगिकता हा आजार, हे तोवरचे निष्कर्ष बहुतेक दवाखाने आणि तुरुंगांतल्या माणसांवरून काढलेले. त्यांनी बाहेरचे ३० समलिंगी आणि ३० भिन्नलिंगी पुरुष घेतले, चाचण्यांचे निकाल ओळख झाकून तज्ज्ञांपुढे ठेवले. कोण कोणत्या गटातला, ते तज्ज्ञांना सांगता येईना. तरी समलैंगिकता अमेरिकी मनोविकारतज्ज्ञांच्या आजारांच्या यादीतून निघायला १९७३ उजाडलं.

'विषय तुमच्या खासगी आयुष्यातला दिसतो' असं म्हणून तुमचा प्रस्ताव बाजूला सारणारे आता अभिनंदनाच्या रांगेत पुढे असतील. असोत. नैराश्यावर काम करणाऱ्याला असं कुणी म्हणत नाही.

निवड समितीला एकच विनंती: पुढच्या वेळी निबंधांसोबत मूळ प्रश्नावलीही मागवा आणि ती मोबाइलवर उघडून पाहा. आणि बटणाचा कोड लिहिणाऱ्या कनिष्ठ विद्यार्थ्याला तुम्ही तळटीपेत न ढकलता सहलेखक केलंत, त्याबद्दल वेगळे आभार.

तुमच्या प्रश्नावलीची एक वाचक