विमान पुन्हा वर गेले, एवढेच

संपादक महोदय,

पावसाळा लागला की एक बातमी ठरलेली. विमान धावपट्टीजवळ येऊन पुन्हा वर गेले, प्रवाशांचा जीव टांगणीला, वैमानिकाच्या प्रसंगावधानाने अनर्थ टळला. आणि सोबत मोबाइलच्या पडद्यावरून उचललेला विमानाच्या घिरट्यांचा नकाशा. यात बहुतेक वेळा घडलेले असते ते साधे गो-अराउंड. उतरण्याच्या अटी पुऱ्या झाल्या नाहीत की ठरलेल्या रीतीने वर जायचे, हे वैमानिकांना सिम्युलेटरवरच्या तपासणीत वारंवार, तेही एक इंजिन बंद ठेवून, करून दाखवावे लागते.

अटी अशा. ढगांतून येत असाल तर विमानतळापासून १००० फूट उंचीवर, म्हणजे टेकायच्या साधारण दीड मिनिट आधी, सगळे जागेवर हवे: चाके खाली, फ्लॅप (पंखांच्या मागच्या कडेच्या हलत्या पट्ट्या) उतरण्याच्या स्थितीत, वेग ठरवलेल्या आकड्याच्या आसपास, खाली येण्याचा दर मिनिटाला १००० फुटांच्या आत, इंजिने अगदी मंद नाहीत, चेकलिस्ट संपलेली. हवा स्वच्छ असेल तर हीच मर्यादा ५०० फुटांची. यातले एक जरी बसले नाही, तरी वर जायचे. पुढे साध्या, म्हणजे कॅटेगरी एकच्या आयएलएसवर (धावपट्टीकडे नेणाऱ्या रेडिओ-संकेत यंत्रणेवर) २०० फुटांपर्यंत दिवे किंवा धावपट्टी दिसली नाही, तरी वरच. पावसाच्या सरीत वारा एकाएकी फिरला आणि या बदलाचा, म्हणजे विंडशिअरचा, इशारा वाजला, तर प्रश्नच मिटला.

मुंबईत आणखी एक कारण नेहमीचे. इथल्या दोन्ही धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते, आणि तिच्यावरच उतरणाऱ्या व उडणाऱ्या विमानांची रांग असते. पुढच्या विमानाचे बाहेर पडायचे वळण हुकले, ते पुढच्या वळणापर्यंत जाऊ लागले, की मागच्याला नियंत्रक वर पाठवतो. यात वैमानिकाचाही दोष नाही आणि विमानाचाही.

वर जाताना इंजिने एकदम गरजतात, नाक वर उठते, फ्लॅप एक टप्पा आत जातात, विमान चढू लागल्याची खात्री झाली की चाके धडधडत आत जातात. शांतपणे उतरत असताना हे सगळे दहा-पंधरा सेकंदांत होते, म्हणून प्रवासी घाबरतात, आणि ते साहजिकच आहे. घोषणा लगेच होत नाही, कारण तेव्हा दोघेही वैमानिक उंची, दिशा आणि नियंत्रकाशी बोलण्यात गुंतलेले असतात. घोषणा उशिरा झाली म्हणजे काही दडवले, असा अर्थ बातमीत काढला जातो, तो बरोबर नाही.

गो-अराउंड न करण्याची किंमत काय, तेही मांडायला हवे. २२ मे २०१० रोजी मंगळुरूला को-पायलटने तीनदा वर जायला सांगूनही कॅप्टनने उतरणे सोडले नाही. सुमारे ८००० फुटांच्या धावपट्टीवर विमान ५००० फुटांच्याही पुढे टेकले, रिव्हर्सर (इंजिनाचा जोर उलटा वळवून वेग कमी करणारी सोय) उघडल्यानंतर पुन्हा उडायचा प्रयत्न झाला, आणि १५८ माणसे गेली. ७ ऑगस्ट २०२० रोजी कोळिकोडला पाऊस, मागून वारा आणि धावपट्टीच्या ८,८५८ फुटांपैकी ४,४३८ फूट मागे पडल्यावर टेकलेली चाके. तिथेही सहवैमानिकाने वर जाण्याचा इशारा दिल्याची नोंद चौकशी अहवालात आहे. विशेष म्हणजे याच विमानाने आधी दुसऱ्या दिशेने उतरण्याचा एक प्रयत्न सोडून दिला होता. पहिल्यांदा घेतलेला योग्य निर्णय दुसऱ्यांदा घेतला गेला नाही.

याउलट ८ जून २०२४ रोजी मुंबईत एक विमान उडण्यासाठी धावत असताना त्याच धावपट्टीवर मागून दुसरे उतरले. ती खरोखर गंभीर बाब होती. त्या दिवशी मागच्या विमानाला वर पाठवले असते, तर कदाचित ‘मुंबईवर विमानाच्या घिरट्या’ अशी चौकट छापून आली असती!

आता त्या पडद्यावरच्या नकाशाबद्दल. त्यात दिसणारी उंची १०१३ हेक्टोपास्कल हा हवेचा प्रमाण दाब धरून येते, त्या दिवशीचा स्थानिक दाब धरून नव्हे. पावसाळ्यात मुंबईचा दाब १००३ वगैरे असला, तर आकडा खऱ्या उंचीपेक्षा साधारण २८० फूट जास्त दिसतो. वेगही जमिनीच्या हिशेबाचा असतो. हवेतला वेग वेगळा. तेव्हा ‘अमुक फुटांवरून माघारी’ किंवा ‘वेग अचानक घसरला’ असे केवळ त्यावरून लिहू नये. आम्हा विमानवेड्यांच्या गप्पांतही ही चूक रोज होते, पण गप्पा आणि छापील मजकूर यांत फरक हवा.

‘इंधन संपत आले होते’ हे वाक्य तर फारच सैल वापरले जाते. मुक्कामापर्यंतचे इंधन, त्यावर अनपेक्षित कारणांसाठीची भर, पर्यायी विमानतळापर्यंतचे, आणि त्याहीवर १५०० फुटांवर ३० मिनिटे थांबता येईल एवढे अखेरचे, असा हिशेब निघण्याआधीच होतो. नवी मुंबई कितीही जवळ असली, तरी मुंबईवर कोसळणारी सर तिथेही कोसळू शकते, म्हणून अहमदाबाद, नागपूर, हैदराबाद असे दूरचे पर्याय लागतातच. ते अखेरचे ३० मिनिटांचे इंधन मोडावे लागणार असे दिसले, तरच वैमानिक ‘मेडे फ्युएल’, म्हणजे इंधनासाठीची आणीबाणीची हाक, देतो. ती दिली का, एवढे कंपनीला किंवा डीजीसीएला (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाला) विचारले तरी निम्मी बातमी सरळ होईल. ‘जादा इंधन हवेत सोडले’ असे ए३२० किंवा बोइंग ७३७ बद्दल लिहिताना तर थांबावेच. या विमानांत इंधन सोडायची सोयच नाही, ते जाळूनच कमी करावे लागते.

विनंती एवढीच, की गो-अराउंडच्या बातमीत कारण, दुसऱ्यांदा कधी उतरले आणि मेडे दिला की नाही, या तीन गोष्टी असाव्यात. कारण कळले नसेल तर तसे लिहावे. आणि त्यामुळे उरलेली जागा अपघात अन्वेषण विभागाच्या अंतिम अहवालांना द्यावी. ते सगळ्यांना वाचायला खुले असतात, पण छापून येतात ते आतल्या पानावर चार ओळींत.

आपला,
एक वाचक, ठाणे