समोरच्या काकूंना, लाल दोऱ्याबद्दल

प्रिय काकू,
सप्रेम सलाम.

आमचं दार उघडलं की तीन पावलांवर तुमचं दार. तरी पत्र लिहितेय, आणि तेही सगळ्यांना वाचता येईल असं. समोर उभं राहून आभार मानायला लागले की तुम्ही "बरं बरं, चहा टाक" म्हणून विषय संपवता. पत्रात तसं करता येणार नाही. नात वाचून दाखवेल तेव्हा शेवटपर्यंत बसून ऐका, एवढंच मागणं आहे.

मी घरून पत्रिका आणि कार्डं करून देते. परवा तुळशीचं लग्न लागलं आणि दुसऱ्याच दिवशी लग्नपत्रिकेसाठी पहिला फोन आला. हे दोन महिने आमच्या घरात कसे जातात ते तुम्ही समोरून बघताच. मुहूर्त निघाले की पत्रिका सुरू होतात, त्यातच नाताळची आणि नव्या वर्षाची कार्डं, आणि नेमका तेव्हाच आमचा आगमनकाळ, म्हणजे नाताळच्या तयारीचे चार आठवडे. देवळात गाण्यांची तालीम, घरी साफसफाई, तारा, करंज्या, केक. आणि जेवणाचं टेबल एकच. त्याच्या एका टोकाला लॅपटॉप आणि कटिंग मॅट, दुसऱ्या टोकाला बेदाणे निवडायची परात.

सहा वर्षं हे सगळं निभावलं ते आमच्या आईंमुळे. मी कार्डांना बसायचे आणि सासूबाई सणाला. गेल्या वर्षी नोव्हेंबरच्या अखेरीस त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. वाकायचं नाही, गॅससमोर उभं राहायचं नाही, डोळ्याला वाफ लागू द्यायची नाही. मी मनाशी ठरवून टाकलं की यंदा सगळं विकत आणायचं. कॅम्पात काय मिळत नाही? आईंना तसं सांगितलं तेव्हा त्या "बरं" म्हणाल्या आणि काळा चष्मा उगाचच नीट केला. ते "बरं" माझ्या मनातून जात नव्हतं, पण त्याकडे बघायला मला वेळ नव्हता.

मग २० डिसेंबरची संध्याकाळ आली. एका ऑफिसची तीनशे कार्डांची ऑर्डर होती, २२ तारखेला सकाळी अकराला पोचवायची, कारण त्या दुपारपासून तिथली माणसं सुट्टीवर जाणार होती. पाच बाय सातचं, मध्ये घडी असलेलं कार्ड. बारा बाय अठराच्या एका शीटमध्ये अशी दोनच बसतात, म्हणजे दीडशे शीटं आणि वर थोडी जास्तीची. वरच्या बाजूला गडद निळं आकाश आणि एक तारा. त्या निळ्यासाठी मी तीन प्रूफं काढली होती, कारण स्क्रीनवरचा निळा कागदावर येईपर्यंत जांभळा होतो.

प्रेसमधून बंडल आलं, मी पहिलं कार्ड काढून घडी घातली आणि घडीवर आकाश चिरलं. वरपासून खालपर्यंत पांढरी रेघ. दुसरं घेतलं, तिसरं घेतलं, तसंच. प्रेसवाल्यांनी फोनवर सांगितलं की या वेळी कागदाचा लॉट वेगळा आला, आणि दोन दिवसांत पुन्हा छापून देणं शक्य नाही. मी जिन्यात उभी राहून बोलत होते. फोन ठेवला तेव्हा तुम्ही दारात होतात, हातात निवडलेल्या मेथीची जुडी.

तुम्ही कार्ड हातात घेतलं, उजेडाकडे धरलं, घडीवरून अंगठा फिरवला आणि म्हणालात, "रडू नको. फाटलेलं नाही हे, उललंय."

तुम्ही शनिवार पेठेत बाइंडिंगच्या कारखान्यात होतात एवढं मला माहीत होतं. तीस वर्षं तुम्ही तिथे काय केलं, हे मात्र मी कधी विचारलंच नव्हतं. त्या संध्याकाळी कळलं. तुम्ही एका जादा शीटची पट्टी उभी फाडलीत, ती सुतासारखी सरळ फाटली. दुसरी आडवी फाडलीत, ती वेडीवाकडी गेली. "कागदाला उभं-आडवं असतं, कापडासारखं. उभ्यानं घडी घातली तर ऐकतो, आडव्यानं घातली तर उलतो." छपाईवाले ज्याला ग्रेन म्हणतात ते हेच. मशीनवर कागद बनताना त्यातले तंतू बहुतेक एकाच दिशेला पडतात, आणि घडी त्या तंतूंच्या बाजूने जायला हवी. जाड आर्ट कार्डावर गडद रंग असला की चूक लपतही नाही. शिवाजीनगरच्या हातकागद संस्थेतून मी पत्रिकांसाठी कागद आणते. त्याला असा हट्ट फारसा नसतो, कारण हाताने उचललेल्या कागदात तंतू सगळीकडे पसरलेले असतात. हे मी कुठेतरी वाचलं होतं. वाचलेलं हाताशी आलं ते तुमच्या त्या दोन पट्ट्यांमुळे.

पुढचं तुम्ही मला विचारून नाही केलंत, आणि त्याबद्दल मी विशेष आभारी आहे, कारण त्या क्षणी मला विचारलं असतं तर मी नाहीच म्हटलं असतं. "घडीच काढून टाकू. दोन पानं करू आणि शिवू," म्हणालात. बंडल रिक्षात घातलं, जुन्या मालकांच्या मुलाला फोन केलात आणि रात्री नऊला कारखाना बंद व्हायच्या आत कटिंग मशीनवर तीनशेच्या तीनशे कार्डं घडीच्या रेघेवर कापून आणलीत. उललेली कड दोन्हीकडून जेमतेम दोन-दोन मिलिमीटर गेली. पुढचं पान पुढे, मजकुराचं पान मागे. वाचणाऱ्याला काहीच बदललेलं नव्हतं, फक्त घडीच्या जागी आता शिवण येणार होती.

तुम्ही पुठ्ठ्याचं एक माप केलंत, त्यात दोन भोकं. ते कार्डावर ठेवायचं, चार-चार कार्डं एकदम धरायची, दाभण लावायचं, वरून हातोडीचा एकच ठोका. क्रोशाचा लाल दोरा वीतभर लांबीचा कापायचा. आणि मग तुम्ही विचारलंत, "मेणबत्ती आहे का?" आमच्या घरी डिसेंबरात मेणबत्ती नाही असं कसं होईल! आगमनकाळातल्या पहिल्या रविवारची, निम्मी जळलेली मेणबत्ती मी दिली. तुम्ही दोरा तिच्यावरून अंगठ्याने दाबून ओढलात. मेण लागलेला दोरा ताठ झाला, सुईशिवाय भोकातून जायला लागला आणि गाठ घातली की जागची हलेना. तो आवाज अजून कानात आहे, मेणावरून दोरा जाताना होणारा बारीकसा सर्र.

शंभर कार्डं झाल्यावर तुम्ही मला थांबवलंत. रात्रीचा एक वाजला होता. मी म्हटलं, आजच संपवू, तर तुम्ही म्हणालात, "उद्या सकाळी पाचला करंज्या."

मी म्हटलं, करंज्या यंदा नाहीत.

"तुझ्या नाहीत. तिच्या आहेत," असं म्हणून तुम्ही आईंच्या खोलीकडे बोट केलंत.

काकू, मी या पत्राला बसले ती खरं तर त्या सकाळसाठी. पाच वाजता तुम्ही तुमच्या घरचं पोळपाट आणि कातणं घेऊन आलात. टेबल मोकळं करून कार्डं तुमच्या घरी, तुमच्या दिवाणावर नेऊन ठेवलीत आणि नेम घालून दिलात: तुपाचा हात त्या घरात नाही, कागदाचा हात या घरात नाही. इतकी वर्षं मी दोन्ही कामं एकाच टेबलावर, एकाच तासाला करत आले. कार्डावर तुपाचा ठिपका पडला की कामाचा राग सणावर काढायचे, केक लागला की सणाचा राग कामावर. दोन कामांच्या मध्ये एक जिना ठेवता येतो हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.

मी लाटत होते, तुम्ही भरून मुरड घालत होतात. आई आतून सांगत होत्या, खसखस भाजून घेतलीस का, वेलची सालासकट कुटू नको. आठ-दहा करंज्या झाल्यावर तुम्ही उठलात, एक भरलेली करंजी तळहातावर घेऊन आत गेलात आणि ती आईंच्या हातात ठेवलीत. "डोळ्याला बंदी आहे, बोटांना नाही. घाला मुरड." आईंनी काळा चष्मा तसाच ठेवला, मान जराही न वाकवता, नुसत्या चाचपून कड दुमडत नेली. अंगठा आणि पहिलं बोट, दाबायचं, दुमडायचं, पुढे सरकायचं. त्यांची मुरड तुमच्यापेक्षा बारीक आली आणि तुम्ही ते मोठ्याने सांगितलंत. त्यानंतर सव्वाशे करंज्या होईपर्यंत आई गप्प बसल्या नाहीत.

केकचं काम तुमच्या नातीने केलं. संत्र्याच्या रसात महिनाभर भिजलेले बेदाणे, मिश्रण पत्र्याच्या डब्यात, वर आमचं नाव. ते वाया गेलेल्या एका कार्डाच्या पाठीवर लिहिलेलं. स्कूटरवरून बेकरीच्या भट्टीवर नेऊन दिला आणि संध्याकाळी भाजून आणला. आमच्याकडे केक असाच होतो, ओव्हन घरात असला तरी.

चणाडाळीच्या पिठाने हात धुऊन आम्ही दुपारी तुमच्याकडे शिवणीला बसलो. तेव्हा तुम्ही विचारलंत, ही कार्डं पाठवायची पद्धत काढली कुणी? मी सांगितलं की १८४३ साली लंडनमध्ये हेन्री कोल नावाच्या गृहस्थाला नाताळात इतक्या पत्रांना उत्तरं लिहायची होती की वेळच पुरेना. म्हणून त्याने होर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतलं आणि हजारभर कार्डं छापली. एक शिलिंगला एक विकलं. छपाई दगडावरची, रंग मात्र हाताने भरलेले. तुम्ही दोरा ओढता ओढता थांबलात. "हजार कार्डांत हाताने रंग भरले? कुणी?" इतकी वर्षं ही गोष्ट मी गिऱ्हाइकांना सांगतेय. त्यांना कोल लक्षात राहतो, होर्स्ली लक्षात राहतो. रंग भरणाऱ्यांची चौकशी करणाऱ्या तुम्ही पहिल्या.

रात्री दोन वाजता शेवटच्या कार्डाची गाठ बसली. तेव्हा तुम्ही चहा टाकलात, आणि तो पिताना मला आपल्याच पंचहौदातला १८९० सालचा चहा आठवला. तिथल्या ख्रिस्ती मिशनमध्ये घेतलेल्या त्या चहाने धर्म बाटला म्हणून पुण्यात केवढं रान उठलं होतं. टिळक-रानड्यांसारख्यांनाही प्रायश्चित्ताच्या प्रकरणातून जावं लागलं. तिथून हाकेच्या अंतरावर तुमच्या ओट्यापाशी बसून मी बशीतून चहा पीत होते, तुमच्या देव्हाऱ्यातला दिवा शांत होत आला होता आणि दिवाणावर तीनशे तारे लाल दोऱ्यात बांधून ठेवलेले होते.

२२ तारखेला कार्डं अकराच्या आत पोचली. झालेला बदल मी आदल्या दिवशीच फोटो पाठवून कळवला होता. त्यांना शिवलेलं कार्ड आधीच्यापेक्षा आवडलं, आणि यंदा त्यांनी तसंच मागितलंय.

पैशांचं लिहू नको असं तुम्ही म्हणाल, पण लिहिते. मी पाकिटात दोन हजार घालून आणले होते. तुम्ही पाकीट उघडलंत, मोजलंत आणि सहाशे काढून घेतलेत. "शेकड्याला दोनशे, तीन शेकडे. कार्डाचे घेते, ते काम आहे. करंजीचे घेणार नाही." उरलेले माझ्या हातात परत ठेवलेत. घरातून धंदा करणाऱ्या बाईला लोक "छंद छान आहे हो" म्हणतात. नात्यातलं कुणी मदतीला आलं की पैशाचं नावही काढू देत नाहीत, आणि मग मलाही माझा दर सांगताना जीभ अडते. तुम्ही माझ्या कामाला काम म्हणालात आणि स्वतःच्याही. त्यानंतर मी कुणाला दर सांगताना आवाज खाली घेतलेला नाही.

२४ च्या रात्री पंचहौदच्या देवळाच्या घंटा झाल्या तेव्हा तुमच्या गॅलरीतला दिवा लागलेला आम्ही देवळाला निघताना पाहिला. आईंनी त्या दिशेने हात केला. त्यांना तेवढं दिसायला लागलं होतं.

यंदाच्या कार्डांच्या पाठीमागे माझ्या नावाखाली एक ओळ वाढवली आहे: "शिवण : समोरच्या काकू". तुमचं पूर्ण नाव घालायचं असेल तर नातीकरवी कळवा. ५ तारखेपर्यंत प्रूफ तयार होईल. कागद मी स्वतः जाऊन आणणार आहे आणि पट्टी उभी-आडवी फाडून बघूनच घेणार आहे. क्रोशाच्या लाल दोऱ्याची दोन रिळं आणलीत. चणाडाळीचं पीठही आणून ठेवलंय. आईंचा दुसरा डोळा अजून व्हायचाय, पण त्यांनी सांगितलंय की करंज्या झाल्यानंतरच.

तुमची,
समोरच्या दारातली