पाटील-थ्रीला पत्र

कोल्हापूर,
रविवार, रात्रीचे साडेअकरा

प्रिय पाटील-थ्री,

हसलास न्हवं? किती वर्षांनी या नावानं हाक आली बघ. आधी व्हॉट्सॲपवरच टाइप करत होतो पण चार मेसेज झाल्यावर कळलं की हे प्रकरण तिथं मावायचं नाही, शिवाय तू कशालाही नुसता अंगठा टाकून मोकळा होतोस, म्हणून म्हणलं सरळ पत्रच लिहावं. निवांत वाच, कंपनीच्या बसमधे वाचलंस तरी चालेल. शेवटी एक प्रश्न आहे त्याचं उत्तर मात्र पाहिजे, अंगठा नको.

बातमी अशी की गुरुवारी मी सरांच्या तासाला बसलो. होय, आपलेच, ॲनालिसिसचे.

झालं काय, मी इथं एका कॉलेजात सीएचबीवर लागलोय हे तुला माहितेयच, तासाला पैसे, सुट्टीला शून्य, प्राध्यापकीची सेट परीक्षा पास होऊन उपयोग एवढाच झाला की घरचे आता "परीक्षा कधी" विचारायचं सोडून "पर्मनंट कधी" विचारतात. तर या वर्षी माझ्या गळ्यात रियल ॲनालिसिस पडलं आणि माझी झोप उडाली. नेमके सर रंकाळ्यावर फिरताना भेटले, तीच छत्री, पाऊस नसला तरी हातात. मी म्हणलं सर, युनिफॉर्म कन्व्हर्जन्स शिकवायचंय, जरा सांगता का कुठनं सुरुवात करू. तर म्हणाले, "इथं उभं राहून काय सांगणार, येऊन बसा की तासाला." अजून अहो-जाहोच करतात बघ. आईशपथ तेव्हा पण त्या अहो-जाहोचीच जास्त भीती वाटायची, "अहो पाटील, उठा" म्हणलं की पोटात गोळा.

आता वर्गात पाटील दोनच आहेत. आपण पाच होतो, आणि पहिल्या दिवशी हजेरी घेताना सर वैतागून म्हणालेले, "सबस्क्रिप्ट लावल्याशिवाय चालायचं नाही हे." पाटील-वन पाटील-टू करत पाटील-फाइव्हपर्यंत. परवा पन्हाळ्याच्या कुठल्यातरी लग्नात पाटील-वन भेटला, बायकोशी ओळख करून देताना म्हणतो "हा पाटील-फोर", ती बिचारी बघतच राहिली.

मागच्या बाकावर बसलो. खिडकीतनं तोच माळ, पाऊस पडून गेलेला, मोर ओरडत होते. प्रोजेक्टर आलाय पण सर त्याच्याकडं पाठ करून उभे, खडू मोडून दोन तुकडे, एक हातात एक खिशात. शर्टाचा खिसा अजून पांढरा असतो. पोरं मात्र बदललेली नाहीत रे. चंदगड, आजरा, राधानगरी, शिराळ्याकडची, दहावीपर्यंत मराठीत "बैजिक राशी" आणि "वर्गसमीकरण" शिकून आलेली, अकरावीत एकदम इंग्रजीत फेकलेली, आणि तिथनं जी गप्प बसलीत ती एम्एस्सीपर्यंत गप्पच. आठवतं, आजऱ्याची ती मुलगी महिनाभर एक शब्द बोलली नव्हती? सरांनी तिला फळ्यापाशी बोलावून सांगितलं, सिद्धता मराठीत बोला, चिन्हं कुठल्याच भाषेची नसतात. आणि ती "समजा", "म्हणून", "पण मग" करत असली सुटली की पंधरा मिनिटं कुणाला बोलू दिलं नाही. परीक्षेत लिहायचं इंग्रजीतच होतं, ते तिनं नंतर केलं.

आणि तो "कळलं" शब्दाला बंदी असायची तो नियम अजून आहे. "कळलं सर" म्हणायचं नाही, काय कळलं ते सांगायचं. "काहीच कळलं नाही" पण चालत नाही. गुरुवारी एक पोरगा म्हणाला काहीच कळलं नाही, तर सर म्हणाले, "पहिली ओळ वाचा. कळली? दुसरी वाचा. जिथं थांबाल तिथं मी उभा आहे." त्यातच दहा मिनिटं गेली. असल्यानं पोर्शन कधी पुरा व्हायचा नाही आणि शेवटी जादा तासाला आपले रविवार जायचे, त्याचा माझा राग अजून गेलेला नाही, स्पष्ट सांगतो.

पण काही गोष्टी त्या माणसामुळंच डोक्यातनं जात नाहीत. २०१९ च्या ऑगस्टमधला पूर घे. तू तेव्हा पुण्यात होतास, इथं सगळं बंद, राजाराम बंधाऱ्याचं पाणी ३९ फुटाला इशारा, ४३ ला धोका, आणि त्या वर्षी ५५ च्या वर गेलेलं. पाणी उतरल्यावर एका जुन्या विद्यार्थ्यानं फोन केला तर सर घरात चिखल काढत होते आणि म्हणाले, "पाटी दर तासाला वाचत होतो. ३९ नंतर ४३ दिसलं की मधल्या प्रत्येक आकड्यावरनं पाणी गेलंच असणार, आपण बघितलं नसलं तरी. इंटरमिजिएट व्हॅल्यू थिअरम दुसरं काय सांगतो?" घरात चिखल अन् हे सुचतंय. मी आता वर्गात हेच उदाहरण देतो आणि माझं म्हणून देतो.

आणि ते ६१७४! ते तर आपल्याला रोगासारखं लागलेलं. देवळालीच्या शाळेत मास्तरकी करणाऱ्या द. रा. कापरेकरांचा आकडा. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत, उतरत्या क्रमानं लावायचे, चढत्या क्रमानं लावायचे, वजाबाकी, परत तेच, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत ६१७४ येणारच, आणि आलं की तिथंच फिरत बसणार. सरांनी पहिल्याच तासाला आपल्या शिवाजी विद्यापीठाचं स्थापना वर्ष घेऊन दाखवलेलं. १९६२. ९६२१ वजा १२६९, ८३५२. ८५३२ वजा २३५८, ६१७४. दोन पायऱ्या! तेव्हापासनं आपण सायबर चौकात चहा पीत एमएच-०९ च्या पाट्या धरून बसायचो, हरेल त्यानं चहाचे द्यायचे. मी अजून सिग्नलला थांबलो की करतो. मागच्या महिन्यात ४१२७ दिसली, एकाच पायरीत. तुझीच आठवण आली, कारण ओरडून सांगायला शेजारी कोण नव्हतं.

बरं, मुद्द्यावर येतो. गुरुवारी सरांनी फळ्यावर एक्सचा एनवा घात काढला, शून्य ते एकमधे. एन वाढवत नेला तसा आलेख जमिनीला चिकटत गेला आणि शेवटी एकपाशी पन्हाळ्याच्या कड्यासारखा सरळ वर. मग पोरांना कॅल्क्युलेटर काढायला लावले. ०.०१ च्या खाली जायला ०.५ ला सातवा घात पुरतो. ०.९ ला ४४ वा लागतो. ०.९९ ला ४५९ वा. आणि एकला? तो कधीच खाली येत नाही. म्हणजे प्रत्येक एक्सचा एन वेगळा, सगळ्यांना पुरेल असा एकच एन नाहीच, आणि तसा एन मिळणं म्हणजेच युनिफॉर्म कन्व्हर्जन्स. (यावरनं हॉस्टेलवर "मेसचं बिल भरलास का" म्हणलं की "माझा एन अजून आला नाही" म्हणायचो आपण.) प्रत्येक फंक्शन गुळगुळीत, सलग, आणि सीमा, म्हणजे एन वाढवत नेल्यावर शेवटी हाती येतं ते फंक्शन, मात्र तुटलेली.

इथपर्यंत ठीक. मग सर म्हणाले, "आता मी सिद्ध करून दाखवतो की सीमा सलगच असते." आणि फळ्यावर वरच्या कोपऱ्यात लिहिलं, पाटील-थ्रीचं प्रमेय.

माझ्या अंगावर काटा आला रे.

तुझीच सिद्धता. ओळ अन् ओळ. एप्सिलॉनचे, म्हणजे हवं तेवढं लहान घेता येणाऱ्या अंतराचे, तीन सारखे वाटे, तीन भावांत जमीन वाटल्यासारखे, पहिला वाटा एक्सपाशी, दुसरा मधला, तिसरा ए-पाशी, म्हणजे जिथं सलगपणा तपासायचा त्या बिंदूपाशी, प्रत्येक वाटा एप्सिलॉन भागिले तीनपेक्षा कमी, बेरीज एप्सिलॉन, हेन्स प्रूव्हड. "चूक शोधा," म्हणाले आणि खुर्चीत बसले. वीस मिनिटं कुणाला सापडेना. खरं सांगू का, मी शिकवतो हे, आणि मलाच पाच मिनिटं दिसेना. इतकी सरळ दिसते ती. मग त्या दोन पाटलांतलीच एक पोरगी उठली, म्हणाली, "सर, पहिल्या वाट्यातला एन एक्सवर अवलंबून आहे, एक्स हलला की एन पण हलणार, मग आपण तो आधीच कसा काय धरला?" सर उठून उभे राहिले. टाळी नाही, काही नाही, नुसते उभे.

आता तो दिवस आठव. टेस्टचे पेपर वाटले, तुझ्या त्या प्रश्नाला शून्य, आणि सरांनी तुझी सिद्धता सगळी फळ्यावर उतरवून अख्खा तास तिच्यावर काढला. तू मान खाली घालून बसलेलास. त्यानंतर तू पुढच्या बाकावर कधी बसला नाहीस आणि पार्ट वन झाल्यावर गेलासच. बापूंचं आजारपण होतं, सोसायटीचं कर्ज होतं, मला सगळं ठाऊक आहे, पण तो तास पण होता. तू कधी बोलला नाहीस तरी मला माहितेय.

तास सुटल्यावर कॅन्टीनला चहा घेताना मी विषय काढला. म्हणलं सर, हे दरवर्षी घेता? तर म्हणाले, "दरवर्षी. पुस्तकातल्या चुका सापडण्यासाठीच केलेल्या असतात हो. ही खरी होती." आणि मग सांगितलं की हीच चूक कॉशीनं, एवढ्या मोठ्या फ्रेंच गणितज्ञानं, केलेली. १८२१ साली, छापील पुस्तकात, प्रमेय म्हणून! सलग फंक्शनांची सिरीज, म्हणजे न संपणारी बेरीज, कन्व्हर्ज झाली की येणारी बेरीज सलगच, असं. १८२६ मधे नॉर्वेच्या आबेलनं, तेवीस-चोवीस वर्षांचं पोरगं, साइनची एक सिरीज दाखवून म्हणलं की याला अपवाद आहेत बरं का. पुढं गणितवाल्यांना युनिफॉर्म हा शब्द नीट बसवायलाच कैक वर्षं गेली.

मी म्हणलं, "मग त्याच दिवशी सांगायचं नव्हतं का सर? त्याला लागलेलं ते."

सरांनी चहा बशीत ओतला. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "मला वाटत होतं मी शाबासकी देतोय." आणि परत थोड्या वेळानं, "कॉशीचं नाव घेतलं असतं तर सगळ्यांनी नाव वहीत उतरवलं असतं, चूक कुणी बघितली नसती."

मला अर्धंच पटलं. मान घालून बसलेल्या पोराला कॉशी काय अन् एप्सिलॉन काय, तास संपल्यावर जाता जाता दोन शब्द बोलले असते तर काय बिघडलं असतं? हे मी तिथं म्हणलो नाही, तुला म्हणतोय. भित्रा आहेच मी, आणि किती भित्रा ते आता सांगतो, कारण पत्र लिहायला खरं तर त्यासाठीच बसलोय.

त्या टेस्टला मी तुझ्या मागं बसलेलो. तो प्रश्न मला येत नव्हता. तुझ्या पेपरातनं ती सिद्धता मी जशीच्या तशी उतरवली. मला पण शून्यच होतं रे. तू तिथं एकटा बसलेलास आणि मी बाजूला माझा पेपर दुमडून बॅगेत घातला, एकदा पण म्हणलो नाही की सर, माझ्याही पेपरात तेच आहे.

हे मी परवा सरांना सांगितलं. चहा संपत आलेला. मला वाटलं चकित होतील. तर म्हणाले, "माहितेय की. तुमच्या पेपरात पण तीच होती. पण ती तुमची नव्हती."

यावर काय बोलणार? पैसे दिले आणि बाहेर आलो.

जाताना तुझी चौकशी केली. म्हणलं चाकणला आहे, ट्रकचे रूट लावतो. तर विचारतात, "तिथं चूक झाली की कोण दाखवतं?" मी म्हणलं, "ट्रकच दाखवतो सर, पोचत नाही." मनापासनं हसले, दातात अंतर पडलंय आता. मग गंभीर होऊन म्हणाले की त्यांना विचारा, नाव चालतंय का. नको असेल तर पुढच्या वर्षीपासनं नुसतं "एका विद्यार्थ्याचं" म्हणेन.

तर हा प्रश्न. नाव ठेवायचं की काढायचं, तू ठरव, मी कुणाच्या बाजूनं बोलणार नाही, मला तो अधिकार नाही. सरांचा नंबर पाठवतो, थेट बोललास तरी चालेल, पण संध्याकाळी सातच्या आधी कर, नंतर उचलत नाहीत.

बाकी सगळं ठीक. राधानगरी धरण भरत आलंय, दरवाजे कधी उघडतात याच्यावर गल्लीत पैजा चालल्यात. आई विचारते तू दसऱ्याला येणार का, येणार असलास तर आधी कळव, पांढऱ्या रश्श्याला नारळ आणून ठेवावे लागतात. आणि नवी गाडी घेतलीस म्हणे, मला दुसऱ्याकडनं कळतंय! नंबर पाठव, किती पायऱ्यांत बसते बघतो. चारच्या वर गेली तर चहा तुझ्याकडं.

तुझा,
पाटील-फोर