काही होत नाही, तेव्हाच

प्रिय सुहास,

परवा फोनवर तू म्हणालास, "मला काही होत नाही, मग उगाच कशाला आतड्याच्या कॅन्सरची तपासणी करून घेऊ?" तेव्हा मी विषय बदलला. पण ते डोक्यातून जाईना, म्हणून लिहायला बसलोय.

अरे, ही तपासणी काही होत नसतानाच करायची असते. शौचावाटे रक्त जायला लागलं किंवा विनाकारण वजन उतरलं, तर ते स्क्रीनिंग, म्हणजे त्रास नसताना केलेली तपासणी, राहत नाही. मग वय न बघता सरळ डॉक्टर गाठायचा.

काकांना, म्हणजे तुझ्या वडिलांना, आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा ते ५४ वर्षांचे होते. तू आता ४६ चा. घरात कुणालाच नसेल तर ४५ व्या वर्षी सुरुवात करावी, असं अमेरिकेतल्या तज्ज्ञांची समिती सांगते. २०२१ पर्यंत ते ५० होतं. कमी वयाचे रुग्ण वाढू लागले म्हणून खाली आणलं. पण आईवडील किंवा भावंडांपैकी कुणाला साठीच्या आत झाला असेल, तर चाळिसाव्या वर्षी, किंवा त्यांच्या निदानाच्या वयाच्या दहा वर्षं आधी, यातलं जे आधी येईल तेव्हा. म्हणजे तुझी वेळ सहा वर्षांपूर्वीच होऊन गेली. मला हे तेव्हा ठाऊक असतं तर हाताला धरून नेलं असतं तुला.

माझी कोलोनोस्कोपी झाली, म्हणजे कॅमेऱ्याची नळी घालून मोठं आतडं आतून तपासलं, ते तुला सांगितलं नव्हतं. आदल्या रात्रीचं जुलाबाचं औषध हाच काय तो त्रास. तपासणीच्या वेळी गुंगीचं इंजेक्शन देतात, फारसं कळतही नाही. आतड्याच्या अस्तरावर एक पॉलिप सापडला, मांसाची बारीक गाठ. तारेच्या फासात धरून त्यांनी तो तिथल्या तिथे काढला. असा पॉलिप वाढून त्याचा कॅन्सर व्हायला बहुतेक वेळा दहा-एक वर्षं लागतात. सगळेच पॉलिप तिथवर जात नाहीत, पण जाणारा कुठला हे कुणी सांगू शकत नाही. लवकर सापडणं वेगळं आणि होऊच न देणं वेगळं. इथे दुसरं शक्य आहे, सुहास!

'सगळ्या कॅन्सरचं' म्हणून विकतात ते रक्ततपासणीचं पॅकेज मात्र राहू दे. दक्षिण कोरियात धडधाकट माणसांच्या थायरॉईडची, म्हणजे गळ्यातल्या ग्रंथीची, सोनोग्राफी सर्रास होऊ लागली, तेव्हा १९९३ ते २०११ या काळात थायरॉईड कॅन्सरचं निदान पंधरापट झालं. मृत्यू मात्र तेवढेच राहिले. ज्या गाठींनी जन्मात त्रास दिला नसता, त्यांच्यासाठी लोकांच्या गळ्यावर शस्त्रक्रिया झाल्या. म्हणून कोणती तपासणी, कुणाची, कितव्या वर्षी, हे ठरलेलं असतं.

वहिनींनाही सांग. चाळिशीनंतर दर दोन वर्षांनी एकदा मॅमोग्राफी, म्हणजे स्तनांचा एक्स-रे. आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरसाठी एचपीव्ही चाचणी, म्हणजे तो कॅन्सर घडवणाऱ्या विषाणूची, ती तर तिशीपासूनच. ती नॉर्मल आली की पुढची पाच-दहा वर्षांनी.

तुला भीती कसली वाटते ते मला माहीत आहे. काकांचे शेवटचे महिने तू रात्र रात्र जागून काढलेस. त्याच दारात पुन्हा जायला पाय उचलत नाही. पण काका तिथे गेले ते दुखायला लागल्यावर. तू आज जाशील तो चालता-फिरता, आणि बहुधा संध्याकाळी घरी येशील.

गुंगीमुळे त्या दिवशी गाडी चालवू देत नाहीत, सोबत कुणीतरी लागतं. मी येतो. काकांचा बायोप्सीचा रिपोर्ट शोधून ठेव, डॉक्टर विचारतील. तारीख मिळाली की त्याच दिवशी फोन कर, मी रजा टाकतो.

तुझा,
विनय